ट्रकचं नाक आणि दोन इंचांचा हट्ट

पिकअप ट्रक घरी आला की आधी त्याचं नाक वर करून घ्यायचं, हा कॅनडात आता रिवाजच झाला आहे. फोर्डचा एफ-२५०, रॅमचा २५०० किंवा सिल्व्हराडोचा हेवी ड्यूटी ट्रक रिकामा उभा असला, की त्याची मागची बाजू पुढच्यापेक्षा दीड-दोन इंच उंच दिसते. काही ट्रकांत त्याहूनही जास्त. मालकाला ते खुपतं. मग कोणी जाणकार भेटतो आणि तीन वाक्यांत निकाल लावतो. कंपनीनेच ट्रक वाकडा बनवलाय. दोन-चारशे डॉलरांचं लेव्हलिंग किट टाकलं की सरळ होतो. आणि स्प्रिंग तीच राहते, त्यामुळे राइडमध्ये काही फरक पडत नाही.

ब्रॅम्प्टनपासून एडमंटनपर्यंत, लँडस्केपिंगच्या धंद्यातल्या माणसापासून उन्हाळ्यात ट्रॅव्हल ट्रेलर घेऊन निघणाऱ्या आपल्या मराठी कुटुंबांपर्यंत, ही तीन वाक्यं सगळीकडे इतक्या आत्मविश्वासाने फिरतात, की त्यांना लेखी उत्तर देणं भाग आहे. पहिलं वाक्य सरळ चूक आहे. दुसरं अपुरं आहे. तिसरं मात्र निम्मं खरं आहे, आणि म्हणूनच सगळ्यात जास्त नुकसान तेच करतं.

आधी ‘वाकडा’ या आरोपाचं बघू. ऑन्टॅरिओतल्या ओशावाचा जनरल मोटर्सचा कारखाना नोव्हेंबर २०२१मध्ये पुन्हा सुरू झाला आणि तिथून हेवी ड्यूटी सिल्व्हराडो बाहेर पडू लागले. फोर्डने जुलै २०२४मध्ये ओकव्हिलला सुपर ड्यूटी ट्रक बांधायचं जाहीर केलं. कोट्यवधी डॉलर ओतून, हजारो माणसं कामाला लावून उभ्या राहणाऱ्या या कारखान्यांत कोणालाच पाणसळ लावता येत नाही, असं मानायचं का? ही उंची चुकून राहिलेली नाही. ती ठेवलेली आहे, आणि ती मालासाठी राखलेली जागा आहे. दीड हजार किलो माल मागे पडला की मागच्या स्प्रिंगचे पाटे दबतात, शेपूट खाली येते आणि ट्रक सरळ होतो. कारखान्याने ट्रक सरळच बनवलेला असतो. फक्त तो आपण रिकामा बघतो. बैलगाडी भरणाऱ्याला हे कोणी शिकवावं लागत नव्हतं. ओझं मागे गेलं की गाडी उलार होते आणि जू बैलांच्या मानेवरून उचललं जातं, म्हणून माल भरताना तो आधीच तोल साधत असे. डेट्रॉइटच्या इंजिनिअरने तीच काळजी स्प्रिंगांच्या उंचीत घेतली आहे.

राइडचं मूळही इथेच आहे, म्हणून थोडं गणित करू. समजा, रिकाम्या ट्रकचं मागच्या स्प्रिंगांवर ९०० किलो वजन आहे, आणि १,५०० किलो माल टाकल्यावर मागची बाजू साडेसात सेंटिमीटर, म्हणजे तीन इंच बसते. एवढ्यावरून पाटे किती ताठ आहेत ते निघतं, आणि धक्का बसल्यावर ट्रकचा मागचा भाग सेकंदाला किती वेळा वरखाली होऊ पाहील तेही निघतं. रिकामा असताना २.३५ वेळा. भरल्यावर १.४४ वेळा. आरामदायी मोटारी साधारण १ ते १.५च्या दरम्यान झुलतात. म्हणजे जो ट्रक रिकामा असताना कंबर मोडतो, तोच भरल्यावर एखाद्या सेडानसारखा तरंगू लागतो. हेवी ड्यूटी ट्रकवाल्यांना हा अनुभव नवा नाही. महाराष्ट्रात रिकामा टेम्पो हाकणाऱ्यालाही तो ठाऊक आहे. भरलेली गाडी रस्त्याला चिकटून जाते आणि परतीच्या वाटेवर तीच गाडी प्रत्येक खड्ड्यात उडते.

आता या हिशेबात लेव्हलिंग किट कुठे बसतं ते पाहा. किट पुढच्या ॲक्सलवर बसतं. दणके देणारे पाटे मागे आहेत. ज्या ॲक्सलमुळे आपटतं त्याला किट हातसुद्धा लावत नाही. ‘लेव्हल केलं की राइड सुधारते’ असं सांगणाऱ्याला एवढंच विचारावं, की मागचे पाटे कधी बदलले?

आता ते निम्मं खरं वाक्य. ‘स्प्रिंग तीच, म्हणून राइड तीच.’ कॉइल स्प्रिंगच्या डोक्यावर धातूचा किंवा प्लास्टिकचा दोन इंची स्पेसर ठेवला तर स्प्रिंगचा ताठपणा बदलत नाही, हे अगदी बरोबर आहे. तेवढंच वजन, तेवढाच दाब, तेवढीच लवचीकता. सपाट हायवेवर, छोट्या चढउतारांवर खरोखर काही फरक जाणवणार नाही. किट बसवून दुकानाबाहेर चक्कर मारून आलेला मालक खूश होऊन परततो, त्याचं कारण हेच. पण राइड एकट्या स्प्रिंगवर ठरत नाही. चाकाला वर जायला आणि खाली उतरायला किती जागा शिल्लक आहे, यावरही ती ठरते. चाकाची एकूण धाव शॉकॲब्सॉर्बरच्या लांबीने बांधलेली असते. चेसिस दोन इंच वर गेलं आणि शॉक तोच राहिला, तर उभ्या ट्रकमध्येच तो शॉक दोन इंच जास्त ताणलेला असतो. चाकाला खाली उतरायला राखलेल्या जागेतले दोन इंच किटने आधीच खर्च करून टाकलेले असतात.

आणि कॅनडातल्या रस्त्यांवर चाकाला खाली उतरावंच लागतं. डांबराखालचं पाणी हिवाळ्यात गोठतं, फुगतं, रस्ता वर उचलतं आणि वसंतात वितळून खाली पोकळी सोडतं. ऑन्टॅरिओत या काळात अनेक रस्त्यांवर जड गाड्यांना दर ॲक्सलमागे पाच टनांची मर्यादा असते, ती याच कारणाने. कॅनडाच्या मोटारमालक संघटनेच्या, सीएएच्या, ऑन्टॅरिओतल्या ‘सर्वात वाईट रस्ते’ या लोकमताच्या यादीत हॅमिल्टनचा बार्टन स्ट्रीट ईस्ट २०२२ आणि २०२३ अशा दोन्ही वर्षी पहिला आला. युकॉनमध्ये बीव्हर क्रीककडे जाणारा अलास्का हायवे तर कायम गोठलेल्या जमिनीवर बांधलेला आहे. खालचा बर्फ वितळत जातो तसा वरचा रस्ता लाटांसारखा वरखाली होतो. अशा ठिकाणी चाक उंचवट्यावर चढताना फारसं बिघडत नाही. बिघडतं ते उंचवटा संपल्यावर, चाक मोकळं खाली पडतं तेव्हा. दोन इंच धाव गमावलेला शॉक तिथे ताणाच्या टोकाला जाऊन थांबतो आणि ‘ठक्’ असा आवाज थेट चेसिसमध्ये येतो. दुकानाच्या गल्लीत हा आवाज येत नाही. बार्टन स्ट्रीटवर येतो.

या आक्षेपावर काही किटांत एक तोडगा असतो. शॉकच्या खालच्या टोकाला एक जोडतुकडा लावतात आणि शॉक पुन्हा आपल्या मधल्या जागी येतो. वरवर युक्ती छान वाटते. पण मग चाक जोरात वर गेलं की शॉक आधी मिटतो आणि त्याचं शरीर आतून आपटतं. ते टाळायला धाव थांबवणारे रबरी ठोकळेही खाली आणावे लागतात, आणि ते किटमध्ये असतातच असं नाही.

जनरल मोटर्सच्या हेवी ड्यूटी ट्रकांत पुढे कॉइल नसते, टॉर्शन बार असतात. म्हणजे पीळ घेणाऱ्या लांब पोलादी सळया. इथे स्पेसरऐवजी सळईच्या टोकाची किल्ली फिरवून किंवा बदलून नाक वर करतात. या प्रकाराभोवती दोन समजुती रूढ आहेत आणि दोन्ही चुकीच्या आहेत. पहिली अशी, की किल्ली जास्त आवळली म्हणजे सळई जास्त ताठ होते आणि म्हणून राइड कडक होते. सळईचा ताठपणा तिच्या जाडीवर, लांबीवर आणि पोलादावर ठरतो. पीळ वाढवून तो वाढत नाही. राइड कडक वाटते कारण चाकाला धरणाऱ्या आर्मचा कोन बदलतो आणि वरचा आर्म खालच्या धावेच्या रबरी थांब्याला जवळजवळ टेकून बसतो. दुसरी समजूत अशी, की मूळ किल्ली आवळणं वाईट, पण बाजारात मिळणारी वेगळ्या कोनाची किल्ली टाकली की राइड शाबूत राहते. उंची तेवढीच वाढली असेल तर आर्म तेवढाच खाली उतरणार आणि थांबा तेवढाच जवळ येणार. नव्या किल्लीने फक्त बोल्टला फिरायला जास्त जागा मिळते. तिच्यावर ‘राइड टिकवणारी’ असं लिहून विकणाऱ्याने आर्मला ही बातमी कळवली होती का, हे विचारायला हवं.

इथे विरुद्ध बाजूचं एक खरं म्हणणं मान्य करायला हवं. याच ट्रकांत मूळ उंचीवर खालचा आर्म वरच्या रबरी ठोकळ्याच्या अगदी जवळ असतो, त्यामुळे थोडं, अर्धा-पाऊण इंच, वर केलं तर काहींना राइड किंचित मऊ वाटते. वाटते ते खोटं नाही. पण अर्ध्या इंचाचा अनुभव दोन इंचांच्या जाहिरातीत वापरणं हा प्रामाणिक व्यवहार नाही.

सुकाणूचा प्रश्न याहून गंभीर आहे, आणि लेव्हलिंगच्या गप्पांत तो सहसा निघतच नाही. फोर्डच्या सुपर ड्यूटी फोर-बाय-फोरमध्ये आणि रॅम हेवी ड्यूटीत पुढचा ॲक्सल एकसंध असतो आणि तो दोन लांब रेडियस आर्मनी चेसिसला मागच्या बाजूने जोडलेला असतो. चेसिस वर गेलं की हे आर्म पुढच्या टोकाला खाली झुकतात आणि ॲक्सल त्यांच्याबरोबर फिरतो. आर्म ३६ इंचांचा धरा आणि उतार २ इंचांचा. ॲक्सल तीन अंशांच्या आसपास पुढे कलला. ट्रकचं नाक वर गेल्यामुळे त्यातला पाऊण अंश परत मिळतो, पण दोन-अडीच अंश गेलेच. चाकाला सरळ धरून ठेवणारा कोन, ज्याला अलाइनमेंटवाले कास्टर म्हणतात, मुळात थोडक्या अंशांचाच असतो, आणि त्यातला अर्धाअधिक असा जातो. मग हायवेवर ट्रक भरकटू लागतो, स्टिअरिंग मधे परत येत नाही, ट्रकांच्या बाजूने जाताना सतत सावरावं लागतं. शिवाय ॲक्सलला आडवा धरून ठेवणाऱ्या ट्रॅक बारचा कोन बदलल्यामुळे ॲक्सल एका बाजूला थोडा सरकतो आणि स्टिअरिंगचा दांडा व ट्रॅक बार एकमेकांना समांतर राहतीलच असं नाही. ते समांतर राहिले नाहीत, तर खड्ड्यात चाक वरखाली झालं की स्टिअरिंग आपोआप वळतं. ट्रॅक बारचं बुश झिजलेलं असेल, बॉल जॉइंट सैल असेल, तर हीच गोष्ट भयानक थरथरीत बदलू शकते. अमेरिकेत आणि इथेही चालक तिला ‘डेथ वॉबल’ म्हणतात. ती फक्त किटमुळे होते असं मी म्हणत नाही. मूळ उंचीच्या ट्रकांनाही ती झाली आहे. पण सैल भागांना किट एक जादा निमित्त देतं.

दोन इंचांचा तिसरा परिणाम आपल्याला नाही, समोरच्याला भोगावा लागतो. ट्रकचा व्हीलबेस १६० इंच धरला तर नाक दोन इंच वर म्हणजे सगळं चेसिस सुमारे ०.७ अंश मागे कललं. त्याबरोबर हेडलाइटही. ५० मीटर पुढे झोत ६० सेंटिमीटरहून जास्त वर जातो. रस्त्याकडे बेताने झुकवलेला तो झोत आता समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत शिरतो. वर मागे माल किंवा ट्रेलर टाकला आणि शेपूट तीन इंच बसली, तर त्यात आणखी ९० सेंटिमीटरची भर. डिसेंबरात ऑन्टॅरिओत पाचच्या सुमारास अंधार पडतो आणि ४०१ हायवेवर ओल्या काचेतून समोर बघावं लागतं, अशा देशात ही किरकोळ गोष्ट नाही. दिवे खाली घ्यायला एक स्क्रू आणि एक भिंत पुरते. तरीही लेव्हलिंगच्या बिलात ती ओळ क्वचितच दिसते.

‘पण कंपन्या स्वतःच उंच ट्रक विकतात की!’ असं उत्तर येतं, आणि त्यातच आपला मुद्दा सापडतो. फोर्डने २०२०मध्ये सुपर ड्यूटीचं ट्रेमर पॅकेज आणलं. त्यात ३५ इंची टायर आले, तसे वेगळे शॉक आणि वेगळ्या स्प्रिंगाही आल्या. रॅमचा पॉवर वॅगन जंगल-खडकांसाठी मऊ स्प्रिंगांवर उभा असतो, आणि त्याची माल वाहण्याची व ओढण्याची क्षमता साध्या २५००पेक्षा बरीच कमी असते. कंपनीने ती कमी सांगितली, लपवली नाही. म्हणजे ज्यांनी हे ट्रक घडवले त्यांनासुद्धा फुकट उंची मिळाली नाही. त्यांनी भाग बदलले, क्षमता सोडली आणि तसं कागदावर लिहिलं. दुकानातल्या स्पेसरच्या डब्यावर यातलं काय लिहिलेलं असतं?

लेव्हलिंगवाल्यांशी वाद घालता घालता मी दुसऱ्या टोळीच्या हातात जाणार नाही. ती टोळी म्हणते, हेवी ड्यूटी आहे, आपटणारच, मऊ राइड हवी असेल तर मोटार घ्या. हाही आळशीपणाच आहे. रॅमने २०१४पासून २५००च्या मागे पाट्यांऐवजी कॉइल बसवल्या, आणि रिकाम्या ट्रकची मागची उसळी त्याने खरोखर कमी झाली. मागे एअर सस्पेन्शनही घेता येतं. हवेच्या स्प्रिंगचा गुण असा, की वजन वाढलं की तिचा ताठपणाही वाढतो, त्यामुळे रिकामा असो वा भरलेला, झुलण्याचा वेग फारसा बदलत नाही आणि उंचीही राखता येते. सिट्रोएनने १९५५च्या डीएसमध्ये तेल आणि वायूच्या जोरावर हेच करून दाखवलं होतं. म्हणजे सपाट उभं राहणं आणि मऊ धावणं यांचं वैर नाही. वैर आहे ते एका ठोकळ्यात दोन्ही मिळतील या अपेक्षेशी.

सगळ्यात स्वस्त उपाय तर टायरमध्ये आहे, आणि तोच सगळ्यात कमी लोक करतात. या ट्रकांचे ई श्रेणीचे टायर ८० पीएसआयपर्यंत हवा घेतात. चालकाच्या दारावरचा आकडा पूर्ण भरलेल्या ट्रकचा हिशेब धरून दिलेला असतो. रिकाम्या ट्रकच्या मागच्या टायरमध्ये तेवढीच हवा ठेवून फिरणं म्हणजे ताठ पाट्यांखाली आणखी एक ताठ स्प्रिंग ठेवणं. टायर कंपनीच्या तक्त्यात वजनानुसार किती हवा पुरते ते दिलेलं असतं. ॲक्सलवरचं वजन काट्यावर एकदा मोजून घ्यावं आणि तक्त्याखाली न उतरता हवा ठरवावी. माल भरायच्या आधी पुन्हा वाढवावी, हे अर्थातच. थंडीचाही हिशेब धरावा लागतो. २० अंशांना ८० पीएसआय भरलेला टायर उणे ३० अंशांना आपोआप ६४च्या आसपास येतो. जानेवारीत विनिपेगला ‘काल राइड जरा मऊ वाटली’ म्हणणाऱ्याने आधी टायरचा आकडा बघावा. त्याच थंडीत शॉकमधलं तेल घट्ट होतं आणि पहिल्या काही किलोमीटरांत ट्रक लाकडासारखा धावतो. त्यावर किटचा इलाज नाही.

हिवाळ्यात चाकं घसरू नयेत म्हणून मागे वाळूची पोती टाकायची पद्धत आहे. ती चांगली आहे, पण राइडसाठी तिच्याकडून फार अपेक्षा नको. वरच्या गणितात २०० किलो वाळूने २.३५चे २.१ होतात, बस्स. आणि ती ॲक्सलच्या वर बांधून ठेवावी, टेलगेटजवळ मोकळी सोडू नये.

कॅडिलॅकमध्ये १९३०च्या दशकात मॉरिस ऑली या इंग्रज इंजिनिअरने दाखवून दिलं होतं, की मागची बाजू पुढच्यापेक्षा थोडी जलद झुलायला हवी. कारण खड्डा पुढच्या चाकाला आधी लागतो. मागच्या चाकांना तो उशिरा लागतो, पण मागची बाजू थोड्या जास्त वेगाने झुलली, की दोन्ही टोकं एकमेकांना गाठतात आणि गाडीचं डुलणं लवकर थांबतं. म्हणून पुढचं मऊ आणि मागचं थोडं ताठ असणं हा दोष नाही. दोष फक्त इतका, की हेवी ड्यूटी ट्रक रिकामा असताना हा फरक खूप जास्त होतो. तो कमी करायचा असेल तर काम मागे करायला हवं. वजनाला साजेसे कमी ताठ पाटे, चांगले शॉक. ज्यांना रिकामा ट्रक सरळच दिसायला हवा, त्यांनी नाक वर करण्याऐवजी मागच्या ॲक्सलवरचा ठोकळा छोटा करून शेपूट खाली घ्यावी. पुढची भूमिती, कास्टर, खालची धाव, सगळं जागच्या जागी राहतं. माल टाकल्यावर शेपूट लवकर बसेल, हे मान्य. त्यावर मागे हवेच्या पिशव्या लावता येतात. मग कोणी हा मार्ग का सुचवत नाही? बहुधा ट्रक खाली घेण्यात रुबाब नाही म्हणून.

ट्रेलर ओढणाऱ्यांचा गैरसमज वेगळा, आणि जास्त धोक्याचा. त्यांचं म्हणणं असं, की ट्रेलर लावला की नाक वर जातं खरं, पण त्यासाठी किट काढायचं नाही, मागे हवेच्या पिशव्या फुगवून ट्रक सरळ करायचा. डोळ्याला सरळ दिसतो खरा. समजा ट्रेलरच्या जिभेचा, म्हणजे पुढच्या टोकाचा, ट्रकवर पडणारा भार ५०० किलो आहे आणि ट्रेलर जोडायची हिच मागच्या ॲक्सलच्या सव्वा मीटर मागे आहे. तरफेच्या साध्या नियमाने पुढच्या ॲक्सलवरून सुमारे दीडशे किलो वजन उचललं जातं. पिशव्या मागचं बंपर उचलतात. ते दीडशे किलो पुढे परत आणत नाहीत. निसरड्या रस्त्यावर ब्रेक मारल्यावर जी चाकं वळवायची आणि थांबवायची, त्यांच्यावरचं वजन कमीच राहतं, आणि ट्रक सरळ दिसत असल्यामुळे चालकाला कळतही नाही. ते वजन परत आणायचं असेल तर वजन वाटून देणारी हिच लागते, तिच्या दोन्ही स्प्रिंग-दांड्यांसकट, नीट ताणलेली. ती नीट लावली की मूळ उंचीचा ट्रक बहुतेक वेळा आपोआप सरळ होतो, कारण कंपनीने ते दोन इंच याच वजनासाठी राखले होते. किट लावलेला ट्रक मात्र ट्रेलर लागताच उलार होतो, आणि मग एक चूक दुसऱ्या चुकीने झाकायची वेळ येते.

ज्यांच्याशी माझं भांडण नाही, त्यांच्याबद्दलही बोललं पाहिजे. पार्किंग साफ करणाऱ्या ठेकेदाराच्या ट्रकच्या पुढे हिवाळाभर तीनशे-चारशे किलोचा स्नो प्लाऊ लटकतो. त्याचं नाक खरोखर वजनाने खाली बसतं आणि त्याला उंची लागतेच. पण त्याच्या वजनाचं उत्तरही आधीपासून आहे. कंपन्या प्लाऊसाठीचं पॅकेज वेगळ्या, जास्त ताठ स्प्रिंगांसह देतात. ऑन्टॅरिओतली टिंबरन कंपनी पुढच्या ॲक्सलसाठी पोकळ रबरी स्प्रिंगा बनवते. त्या वजन पडल्यावर काम करतात आणि प्लाऊ उतरवला की जवळजवळ गप्प बसतात. स्पेसर प्लाऊ असतानाही असतो आणि जुलैतही असतो. ठेकेदारांच्या या गरजेचा दाखला देऊन शहरात ऑफिसला जाणाऱ्या ट्रकला किट विकणं, हा त्या ठेकेदारावरही अन्याय आहे.

शेवटी पैशांचा मुद्दा उरतो. नीट लेव्हल करायचं म्हणजे लांब शॉक, योग्य उंचीच्या पुढच्या स्प्रिंगा, कास्टर परत आणणारे आर्म, समायोजन करता येणारा ट्रॅक बार, अलाइनमेंट आणि दिव्यांची जुळणी. सगळं मिळून हजारो डॉलर होतात, आणि ‘एवढे कोण घालणार’ असं लगेच म्हटलं जातं. मग घालू नका. ट्रक आहे तसा ठेवा, टायरमधली हवा बघा, आणि माल भरला की तो सरळ होईल. ज्याला तरीही दोन इंच हवेच आहेत, त्याने दुकानदाराला तीन आकडे लिहून मागावेत. काम झाल्यावर शॉकला खाली उतरायला किती जागा उरली, कास्टर किती अंश आला, आणि हेडलाइटचा झोत ठरलेल्या अंतरावर किती खाली पडतो. पहिला आकडा मोजायला ट्रक जॅकवर चढवून एक टेप पुरते, दुसरा अलाइनमेंटच्या छापील कागदावर असतोच, आणि तिसऱ्याला संध्याकाळी एक भिंत लागते. हे तीन आकडे द्यायला जो तयार नाही, त्याच्याकडून ‘राइड तशीच राहते’ हे वाक्यसुद्धा फुकट घेऊ नये.